जगदाळेकाकूंची फरशी

जगदाळेकाकू फ्लोअरिंगच्या शोरूममध्ये शिरल्या त्या ओले बूट घालून. चुकून नव्हे. गाडीतून उतरल्यावर त्यांनी डिकी उघडली, नदीत घालायचे बूट बाहेर काढले, त्यांच्या तळांवर बाटलीतलं पाणी ओतलं, बूट पायात चढवले आणि जपानमधल्या सेंदाई शहरातल्या त्या चकचकीत दुकानात पचक पचक आवाज करत चालू लागल्या. मागे मी, मान खाली घालून.

सातो नावाचा एक तरुण विक्रेता वाकून नमस्कार करत पुढे आला. काकू तोवर ओकच्या नमुन्यावर जाऊन उभ्या राहिल्या होत्या.

"पाणी पडलं तर?" त्यांनी विचारलं.

"लगेच पुसून घ्यायचं," सातो-सान नम्रपणे म्हणाला.

"कोण पुसणार? तू येणार?"

काकूंची जपानी भाषा नदीकाठच्या म्हाताऱ्यांकडून उचललेली आहे, अस्सल तोहोकूच्या, म्हणजे इथल्या उत्तर भागातल्या खेड्यातली. सातो-सान तोक्योचा. त्याला अर्धंच कळत होतं, आणि जे कळत होतं त्याने तो घाबरत होता. लॅमिनेट झालं, बांबू झाला, जुन्या लाकडासारखा दिसणारा कसलासा महागडा प्रकार झाला. प्रत्येकावर काकू उभ्या राहिल्या, टाच घासली, पाणी सांडलं आणि तोच प्रश्न विचारला. शेवटी कोपऱ्यात गुंडाळून ठेवलेल्या राखाडी, मऊसर व्हिनाइलकडे त्यांनी बोट दाखवलं.

"हे चालेल पाण्याला," सातो-सान चाचरत म्हणाला, "पण ते सहसा संडासात घालतात."

"मग उत्तमच. संडासात टिकतं ते दिवाणखान्यात का नाही टिकणार? अख्ख्या खालच्या मजल्याला हीच फरशी घाल."

काकूंच्या लेखी पायाखाली असतं ते सगळं फरशी. परतताना मी म्हटलं, "काकू, एवढं हौसेनं घर घेतलंत आणि संडासाचं फ्लोअरिंग?" त्यावर त्या इतक्या चिडल्या की सिग्नल हिरवा झाला तरी गाडी हलली नाही. मागच्याने हॉर्न वाजवला. जपानात हॉर्न सहसा वाजतच नाही; वाजतो म्हणजे काय ते इथे राहणाऱ्यांना कळेल.

काकू मूळच्या कऱ्हाडच्या. काका इथल्या विद्यापीठात धातूंवर संशोधन करायला आले, त्यांच्याबरोबर त्या आल्या, आणि काका निवृत्त झाले तरी दोघं इथेच राहिले. काका इतके शांत की कधी कधी ते खोलीत आहेत हे आपल्याला चहा समोर आल्यावर कळतं. काकूंच्या गळ्यात तुळशीची माळ. माहेरही माळकरी, सासरही. घरात अंडंसुद्धा येत नाही. आणि या बाई गेली कित्येक वर्षं दर रविवारी नदीवर मासे पकडायला जातात.

फ्लाय फिशिंग. गळाला किडा लावायचा नाही. पिसं आणि दोरा गुंडाळून खोटी माशी करायची, लांब दोरीने ती अलगद पाण्यावर टेकवायची, माशाला फसवायचं, जवळ आणायचं, हात ओले करून धरायचं आणि सोडून द्यायचं. काकूंच्या गळाला उलटी आकडीही नसते, पक्कडीने चपटी केलेली असते. माश्या त्या स्वतः बांधतात. मोरपीस देव्हाऱ्यातलं, जरतार जुन्या शालूची. नव्याने आल्या होत्या तेव्हा त्यांनी एका माणसाला नदीत मासा पकडून सोडताना पाहिलं. "मला वाटलं, हा आपल्यातलाच कुणी माळकरी दिसतोय," त्या सांगतात. "म्हणून बोलायला गेले."

"खात नाही तर छळता कशाला?" असं आमच्या इथल्या मराठी मंडळात दर दिवाळीला कुणीतरी विचारतंच. काकू दर दिवाळीला भडकतात.

"छळतेच. मान्य आहे. पण मागच्या वर्षी वरच्या अंगाला सिमेंटचं पाणी सोडलं होतं, ते कुणी पाहिलं? तुम्ही? तुम्ही तर नदी फक्त पुलावरून बघता, तीही मोबाइलमधून!"

त्यांचा राग या एकाच नदीपुरता आहे असं मात्र समजू नका. काठ काँक्रीटने बांधणाऱ्यांवर राग. ऐन उन्हाळ्यात पाणी तापलेलं असताना मासे पकडणाऱ्यांवर राग. एका नदीतले बूट न धुता दुसऱ्या नदीत घालणाऱ्यांवर तर विशेष राग, कारण बुटाला चिकटून शेवाळं आणि रोग इकडून तिकडे जातात. मी एकदाच त्यांच्याबरोबर गेले होते. घरी परतल्यावर त्यांनी माझे बूट गरम पाण्यात घातले, ब्रशने घासले आणि मग माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मला वाटलं, आता मलाही घासणार.

जुलैत राखाडी फरशी बसली. त्यानंतर काहीच दिवसांनी आमच्या मंडळाची सहल निघाली.

सहल ठरवली निखिलने. पोरगा हुशार, उत्साही, विद्यापीठात पोस्टडॉक. डोंगरातल्या एका कॅम्पच्या जागी मुलांसाठी मासे पकडण्याचा खेळ होता. ओढ्याचा एक भाग वर-खाली जाळी लावून अडवायचा, त्यात टाकीतले मासे ओतायचे, मुलांनी ते हातांनी धरायचे, मग तिथेच मीठ लावून भाजून द्यायचे. जपानात गावोगाव हा खेळ चालतो. पण वरच्या अंगाला याच ओढ्याला काकूंचा नेहमीचा ओढा येऊन मिळत होता. तिथे इवाना राहतात. अंगावर पांढरे ठिपके असलेला, थंड पाण्यातला, मूळचा तिथलाच मासा. आणि टाकीतून ओतले होते ते निजीमासु, म्हणजे परदेशी ट्राउट, मत्स्यशेतीत वाढवलेले.

काकू पोहोचल्या तेव्हा वरच्या अंगाची जाळी मुलांच्या दंग्यात सुटली होती. मासे निसटून वर निघाले होते.

"जाळी!" काकू काठावरूनच ओरडल्या. "अरे मुडद्यांनो, जाळी सुटलीय!"

सगळे फोटो काढत होते. काकू कपड्यांनिशी पाण्यात उतरल्या, जाळी ओढून दगडाखाली दाबली, आणि त्यानंतर कॅम्पच्या मालकाला जपानीत आणि आम्हाला मराठीत त्यांनी जे सुनावलं ते इथे लिहिता येणार नाही.

"काकू, प्लीज," निखिल म्हणाला. "मुलं एन्जॉय करतायत. चार मासे वर गेले तर काय झालं?"

"काय झालं? इवानाची अंडी रेतीत असतात. हे तीच रेती उकरून आपली घालतात. वर गेलेले चार मासे म्हणजे चारच राहणार आहेत का रे? कसला शास्त्रज्ञ तू!"

तेवढ्यात माझी इरा वरून पाणी तुडवत आली. दुसरीतली पोर. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र जपानीतच देते. तिच्या हातात निसटलेल्यांपैकी एक मासा होता, अर्धमेला, तोंड उघडत-मिटत असलेला. आपल्याला शाबासकी मिळणार या खात्रीने तिने तो काकूंपुढे धरला आणि विचारलं, "काकू, याला सोडू?"



काकूंनी ओढ्याच्या वरच्या अंगाला पाहिलं. मग मासे घेऊन आलेला टाकीचा ट्रक जिथे उभा होता तिकडे पाहिलं. तो केव्हाच निघून गेला होता. इराच्या हातातला मासा त्यांनी हात ओला करून घेतला. दुसऱ्या हाताने गळ्यातली माळ काढली आणि काठावर उभ्या असलेल्या काकांच्या हातात दिली.

"धरा," एवढंच म्हणाल्या.

आणि माशाचं डोकं त्यांनी दगडावर आपटलं. एकदाच, नीट.

इरा किंचाळली. दोन-तीन आया मुलांना घेऊन मागे सरकल्या. काकूंनी मासा काठावर ठेवला, गाडीतून गळाची काठी आणली आणि एकट्याच वरच्या अंगाला निघून गेल्या. परतल्या त्या ऊन कलल्यावर. निसटलेले मासे त्यांनी एकेक करून पकडले होते आणि पकडला तो तिथेच मारला होता. पिशवी त्यांनी मालकाच्या शेगडीशी ठेवली. आणि तशाच गाडीकडे निघाल्या. काका मागोमाग गेले, माळ धरलेली मूठ तशीच मिटलेली.

त्या संध्याकाळी मंडळाच्या ग्रुपवर जो धुरळा उडाला तो आठवला की मला अजून संताप येतो. "मुलांसमोर हिंसा." "ट्रॉमा." "काकूंना काउन्सेलिंगची गरज आहे." अहो, तिथेच, हाताच्या अंतरावर, तेच मासे काडीला टोचून भाजले जात होते! त्यांच्याबरोबर हसरे फोटो काढून याच लोकांनी याच ग्रुपवर टाकले होते! शेगडीवर मरतो तो मासा नसतो का? मी हे सगळं लिहिलं. खाली एक हात जोडल्याचं चित्र आलं आणि विषय गणपतीच्या वर्गणीकडे वळला. काकूंना कुणी फोन केला नाही.

इरा घरात सारखी एकच विचारत होती. काकूंनी का मारलं? मी सांगायचा प्रयत्न केला, पण मला नीट सांगता येईना. शेवटी पुढच्या शनिवारी थालीपीठं डब्यात घातली आणि तिला घेऊन काकूंकडे गेले.

काकू त्या राखाडी फरशीवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. गळा मोकळा. काठी कोपऱ्यात, पिशवीत बंद. "ये," म्हणाल्या. आवाजात काही धार नव्हती, आणि तेच मला सहन होईना. काकांनी इराला सरबत आणून दिलं. इराने दोन्ही हातांनी पेला धरला, काकू तिच्याकडे वळल्या मात्र, ती झटकन माझ्या मागे सरकली आणि पेला खाली गेला. सरबत फरशीभर झालं.

"इरा!" मी सवयीने खेकसले. "दोन मिनिटं नीट बसता येत नाही? बघ काय केलंस, आता..."

"तिला ओरडू नकोस!"

काकूंना मी आजवर पुष्कळ चिडलेलं पाहिलंय. हे वेगळं होतं. काका स्वयंपाकघराच्या दारात थबकले. काकूंनाच आपल्या आवाजाचं काही वाटलं असावं. त्यांनी ओल्या फरशीवर तळवा टेकला.

"आम्ही आधी भाड्याच्या घरात होतो, दुसऱ्या मजल्यावर," त्या म्हणाल्या. "खाली तातामी, म्हणजे गवताची चटई. पाणी पडलं की डाग. पळालं की खालची बाई वर यायची. मला भाषा येत नव्हती, तिच्यापुढे नुसती वाकायचे. आणि ती गेली की समीरला धारेवर धरायचे. दिवसभर तेच. ओले पाय आणू नकोस, सांडू नकोस, पळू नकोस. पाऊस असला की पोरगं शाळेतून येऊन दारातच उभं राहायचं. आत येऊ का, विचारायचं."

समीर म्हणजे त्यांचा मुलगा. ओसाकाला असतो, त्याला चार वर्षांचा मुलगा आहे. नवीन वर्षाला येतो.

"अजून दारातच थांबतो," काकू म्हणाल्या. "पाय पुसतो. आणि काय म्हणतो माहितीये? ओजामा शिमास."

इथे आपल्या घरात शिरताना 'तादाइमा' म्हणतात, मी आलो. 'ओजामा शिमास' म्हणतात ते परक्याच्या घरी. तुम्हाला त्रास द्यायला आलोय, अशा अर्थाने.

"पुढच्या आठवड्यात ओबोनच्या सुट्टीत येतायत तिघं. नातवाला नदीवर नेईन म्हटलं होतं. आता तोही घाबरेल मला."

इतका वेळ इरा माझ्या पाठीशी होती. ती पुढे सरकली आणि काकूंसमोर उकिडवी बसली. जपानीत तिने विचारलं, "तो मासा वाईट होता?"

"नाही गं," काकू मराठीत म्हणाल्या. "तो चांगलाच होता. त्याला चुकीच्या जागी आणून टाकलं होतं. मला दुसरं काही सुचलं नाही."

इराने थोडा विचार केला. मग सांडलेल्या सरबतात बोट बुडवून तिने फरशीवर एक मासा काढायला घेतला. शेपूट झालं, पोट झालं. काकूंनी वाकून नखाने त्याच्या अंगावर बारीक ठिपके दिले.

काका फडकं घेऊन आले.

"अहो, राहू द्या ना ते," काकू म्हणाल्या आणि त्यांना बसायला जागा करून दिली.