डावी बाजू

माझ्या लग्नाचे फोटो बापट सरांनी काढले. त्यातल्या एकाही फोटोत कुणी कॅमेऱ्याकडे बघत नाही. नवरा, नवरी, भटजी, विहीणबाई, सगळे डावीकडे तोंड करून उभे. जणू मांडवाबाहेरून कुणीतरी सगळ्यांना एकदमच हाक मारली होती.

सर आमचे कर्जतचे शेजारी, कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. माशाचा फोटो काढताना त्याचं तोंड डावीकडे ठेवायचं, डावी बाजू अखंड राखायची आणि कापाकापी उजवीकडून, असा त्या शास्त्राचा रिवाज. सरांनी तो माणसांनाही लावला. "डावी बाजू द्या," हे त्यांचं पालुपद. कळंबच्या बाजारात ते एका बाईच्या टोपलीतले मासे असेच एका कुशीवर लावत बसले, तेव्हा ती म्हणाली, "मास्तर, घेनार हाय का नुसतं निजवनार?" घेणार कुठले, सर पक्के शाकाहारी.

एक मासा मात्र त्यांनी जिवापाड जपला. कर्जतजवळच्या कोंडाण्याच्या ओढ्यात सापडलेला, बोटभर, अंगावर काळा पट्टा. "ही जात निराळी आहे," सर म्हणायचे. जाणकार म्हणायचे, नेहमीचाच आहे, पट्टा जरा ठळक. सर वाद घालत नसत, चहा अर्धा टाकून उठत.

बरणी स्वयंपाकघरात, लोणच्याशेजारी. मासे ठेवतात फॉर्मलीनमध्ये, पण त्यानं सरांच्या बायकोचे, सुमतीकाकूंचे, डोळे चुरचुरायचे. "ते माझ्या घरात नको," त्यांनी बजावलं, म्हणून मासा स्पिरिटमध्ये गेला. स्पिरिट उडून जातं. काकूच आठवणीनं भर घालायच्या. त्या गेल्यावर सर घालू लागले.

गेल्या वर्षी पुण्याहून एक संशोधक मुलगी आली. संग्रहालयातल्या, नेहमीच्या जातीच्या जुन्या माशाचा डीएनए तिच्याकडे होता, तो सरांच्या माशाशी ताडून बघायचा होता. "बरं झालं स्पिरिट वापरलंत," ती म्हणाली, "फॉर्मलीननं डीएनएची वाट लागते." तिनं कात्री काढली. "उजवीकडून हं," म्हणत सरांनी मान फिरवली.

काही महिन्यांनी तिचा फोन आला. जात खरंच निराळी होती. नाव सुचवा म्हणाली. सर म्हणाले, "सुमती." लेखासोबत छापायला बाईंचा छानसा, समोरून काढलेला फोटो पाठवा, असंही तिनं सांगितलं.

संध्याकाळी सर अल्बम घेऊन माझ्याकडे आले. माथेरानला घोड्याशेजारी काकू, तुळशीपाशी काकू, मांजर घेतलेल्या काकू. मांजरासकट सगळे डावीकडे बघणारे. सर पुन्हा पहिल्या पानापासून उलटत राहिले.

"रोज समोर बसून जेवायची रे," ते म्हणाले. "तुझ्याकडे तिचा समोरून काढलेला एखादा असेल का?"

काकूंचे फोटो होते माझ्याकडे, पण लग्नातले. ते सरांनीच काढले होते.