राजरथाची थरथर राहिली, त्याची हकीकत

श्रीगजवदन प्रसन्न. तेल, पाणी आणि वारा या तिन्ही देवतांस नमस्कार, ज्यांवाचून कोणताही रथ पाऊलभर सरत नाही. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, कार्तिक मास. संवत्सराचे नाव क्रोधी, परंतु त्या साली या राज्यात क्रोध कोणास आला नाही. जे आले ते दुःख, आणि तेही पाऊल न वाजवता आले.

राज्य लहान. दोन खोल्या, पुढे अनंताचे झाड, बाजूस पत्र्याची रथशाळा. राज्यकर्ते त्र्यंबकराव हे पूर्वी पाटबंधाऱ्याच्या कचेरीत नकाशे काढीत, आणि हात ऐसा की पट्टीवाचून ओढलेली रेघ लोक पट्टी लावून पाहात आणि हसून परत देत. राणीसाहेब शरयूबाई. प्रजा म्हणावी तर एक मांजर. लग्नाचे साली राजरथ घेतला, सायीच्या रंगाचा, गियरचा दांडा स्टिअरिंगलगत, आणि तेव्हापासून दर गुरुवारी उभयतांनी स्वारी करून घाटातल्या वळणावर जावे, थर्मासातला चहा घ्यावा, खाली नदी पाहावी आणि दिवेलागणीच्या आत राजधानीस परतावे, ऐसा शिरस्ता पडला. समोरच्या फळीवर पितळेचा अंगठ्याएवढा गणपती असे. रथ वयात आला तैसा थरथरू लागला. आरसा थरथरे, काचा वाजत, आणि गणपती बसल्या जागी हळूहळू फिरत फिरत घाट येईतो उभयतांकडे पाठ करून बसे. मग शरयूबाईंनी त्यास बोटाने वळवून पुन्हा सन्मुख करावे, हाही शिरस्ताच पडला.

इंजिन ज्या रबरांवर बसते त्यांस कारागीर लोक फौंडेशन म्हणतात. रबर मऊ असेतो इंजिनाचा कंप रबरातच जिरतो आणि वर बसणाऱ्यास त्याची वार्ता लागत नाही. रबर मेले की लोखंड लोखंडावर येते. दस्तगीर मिस्तरी म्हणून राज्याचे जुने कारागीर होते, त्यांनी दोन वर्षांमागेच सांगितले की फौंडेशन गेले आहे, बदलावे. त्र्यंबकरावांनी हसून नकार दिला. पुन्हा सांगितले, पुन्हा नकार. म्हणाले, "असू दे रे. म्हाताऱ्या माणसानं थरथरू नये तर काय नाचावं?" मिस्तरी हसले आणि शरयूबाईही हसल्या, आणि यजमानांस जुन्या वस्तूची माया फार, ऐसे त्यांनी मनाशी धरले.

त्या दोन वर्षांत आणखी काही गोष्टी घडल्या, त्या शरयूबाईंनी पाहिल्या परंतु एकीपुढे एक ठेवून पाहिल्या नाहीत. त्र्यंबकरावांनी नकाशाचे कागद माळ्यावर टाकिले आणि डोळ्यांचे निमित्त सांगितले. घरी कपबशी सोडून खोल भांड्यातून चहा घेऊ लागले, तोही निम्मा, आणि चहाने पित्त होते म्हणाले. कपाने चहा घेत तो फक्त रथात. घाटात रथ उभा केला तरी इंजिन बंद करीत ना. बंद केले तर पुन्हा लागणार नाही म्हणत. मग त्या गडगडाटात दोघांच्या कपांतला चहा डुचमळे, धोतरावर सांडे, आणि त्र्यंबकराव म्हणत, "फौंडेशन, दुसरं काय." शरयूबाई पदराने पुसून घेत.

मग कार्तिकात भाऊबीज आली आणि त्र्यंबकराव यष्टीने बहिणीचे गावी गेले. मार्गशीर्षात त्यांस पंचाहत्तरावे लागणार होते. शरयूबाईंनी विचार केला की पंचाहत्तरीस शालजोडी सगळेच देतात, आपण यजमानांस रथ द्यावा, नव्यासारखा, कपातला चहा न हिंदकळणारा. मग दस्तगीर मिस्तरींस बोलावणे धाडले आणि ही गोष्ट गुप्त ठेवावी ऐसे सांगितले. मिस्तरींनी जुन्या बाजारातून रबरे पैदा केली, इंजिनाखाली लाकडाची फळी देऊन जॅकने ते केसभर उचलिले, गंजलेले बोल्ट डिझेलात भिजवून सोडविले आणि जुनी रबरे बाहेर काढिली. एक सुपारीसारखे कठीण झालेले, दुसरे मधोमध फाटून दोन तुकडे. मिस्तरी म्हणाले, "वैनी, ही गाडी न्हवती, पिठाची गिरण हुती. सायब बसत कसं हुतं हितं?" मग नवी रबरे बसली, किल्ली फिरविली, आणि इंजिन लागले की नाही हे कळावयास शरयूबाईंस बॉनेटवर हात ठेवावा लागला. त्या संतोष पावल्या. मिस्तरींस खोबऱ्याच्या करंज्या दिल्या.

त्र्यंबकराव परत आले आणि गुरुवारी स्वारी निघाली. किल्ली फिरविताच त्यांनी काही क्षण कान दिला आणि मग शरयूबाईंकडे पाहिले. शरयूबाई म्हणाल्या की पंचाहत्तरीचा आहेर आहे, आधी दिला. त्यांनी "छान केलंस" म्हटले आणि रथ हाकारिला. घाट आला. आरशात मागचा रस्ता स्वच्छ दिसत होता, काचा गप्प होत्या आणि गणपती जागचा हलला नव्हता. वळणावर रथ उभा राहिला. त्र्यंबकरावांनी सवयीने इंजिन चालूच ठेविले. शरयूबाईंनी दोन कप भरिले, एक यजमानांचे हाती दिला आणि आपला, कौतुक पाहावे म्हणून, गणपतीशेजारी फळीवर ठेविला. त्यातला चहा आरशासारखा स्थिर. कडेला सायीचा तुकडा होता, तोही हलेना. मग दाखवावे म्हणून त्या यजमानांकडे वळल्या, आणि त्यांचे हातातला चहा काठाकाठाने थरथरत होता, बारीक, न थांबता, आणि धोतरावर सांडत होता.

रथ एक, इंजिन एक, आणि कप दोन. शरयूबाईंस सारे कळले. माळ्यावरचे नकाशे कळले, खोल भांडे कळले, आणि दोन वर्षे इंजिन बंद का होत नव्हते तेही कळले. त्र्यंबकरावांनी फळीवरच्या कपाकडे पाहिले, मग आपल्या हाताकडे, आणि लपविण्यास काही उरले नाही ऐसे पाहून लपविले नाही. म्हणाले, "मिस्तरीनं काम चोख केलं, शरयू. आता माझंच तेवढं राहिलं."

शरयूबाईंनी त्यांचे हाताखाली हात धरिला आणि चहा संपेतो धरून ठेविला. मग रथ अगदी हळू राजधानीस आला, रथशाळेत सरळ रेषेत उभा राहिला, आणि त्र्यंबकरावांनी किल्ली काढून शरयूबाईंचे हाती दिली. बाईंस रथ हाकता येत नव्हता, हे उभयतांस ठाऊक होते.

दुसरे दिवशी शरयूबाई मिस्तरींकडे गेल्या आणि जुनी रबरे पुन्हा बसवून द्यावीत ऐसा अर्ज केला. मिस्तरी प्रथम हसले, मग त्यांचे तोंड पाहून हसणे थांबविले आणि पाना खाली ठेविला. म्हणाले, "वैनी, ती कवाच भंगारात गेली. आन् असती तरी फाटकं रबर धरत न्हाई." मग स्टुल पुढे केले.

पुढे डॉक्टर जाहले, गोळ्या जाहल्या. स्वारी बंद जाहली. परंतु बॅटरी उतरू नये म्हणून दर गुरुवारी शरयूबाई रथशाळेत जाऊन इंजिन सुरू करितात आणि मग त्र्यंबकरावांस हाक मारितात. ते उजवीकडे बसतात, त्या डावीकडे. थर्मास असतो. कप मात्र दोन्ही शरयूबाईंचे हाती असतात. एके गुरुवारी, त्र्यंबकराव येण्याआधी, शरयूबाईंनी गणपतीस बोटाने अर्धा फिरवून ठेविले. त्र्यंबकराव बसले, पाहिले, बराच वेळ पाहिले.

"अजून फिरतोय की गं हा."

"फिरतोय," शरयूबाई म्हणाल्या. "फौंडेशन, दुसरं काय."

तेव्हापासून दर गुरुवारी गणपती पाठमोरा असतो, आणि चहा होताच त्र्यंबकराव थरथरत्या बोटाने त्यास सन्मुख करितात. कधी त्यास वेळ लागतो. शरयूबाई तोवर अनंताकडे पाहात बसतात.

येणेप्रमाणे रथ दुरुस्त जाहला आणि राज्य आटोपले. जे घडले ते लिहिले. वाचणाऱ्याने आपले माणूस चहा कशातून घेते ते एकवार पाहावे. इति.