आगीवरचा बर्फ

येरमाळ्यात आगीवर बर्फ करणारा पहिला माणूस मी, गोरोबा कंपाउंडर. असं माझंच म्हणणं होतं, आणि दवाखान्यात येईल त्याला औषधाआधी मी ते ऐकवत होतो.

गावात अजून वीज आलेली नाही. डॉक्टरसाहेबांनी रॉकेलवर चालणारा फ्रिज आणवला होता. खाली वात पेटवायची, वर बर्फ तयार! चैत्री यात्रा चार दिवसांवर आलेली आणि यात्रेकरूंना टोचायची पटकीची लस त्या फ्रिजमध्ये. साहेब दोन दिवसांसाठी सोलापूरला निघाले तेव्हा म्हणाले, "आतला पारा दहाच्या वर गेला तर लस फुकट. यात्रेत पटकी शिरली तर माणसं मरतील, गोरोबा."

"साहेब, तुम्ही बिनघोर जा," मी म्हणालो.

दुपारी पारा सहावर होता. बाहेर ऊन रणरणत होतं. मी विचार केला, आत गार ठेवायचं आणि खाली आपणच जाळ घालायचा, हे कुठलं शहाणपण? वात निम्मी केली. तासाभरात पारा सातवर. म्हणजे जाळ अजूनही जास्तच होतोय! मी वात आणखी खाली ओढली.

तेवढ्यात दगडोबा पाटील दहा माणसं घेऊन आले. "गोरोबा, तुझं ते थंडीचं कपाट दाव की."

नाही म्हणवलं नाही. दार उघडलं, प्रत्येकानं आत हात घालून बघितला. त्यांच्यातल्या सखूबाईंनी तर डोकंच घातलं. "आगं बया, आत माघ म्हयना चाललाय," त्या आतूनच बोलल्या, आणि बाहेर यायचं नाव घेईनात. मंडळी गेली तेव्हा पारा नऊवर होता. मला दरदरून घाम फुटला. मी खाली वाकलो आणि फुंकर मारून वात विझवूनच टाकली.

थोड्या वेळानं बेगमबी आल्या. दवाखान्याची झाडलोट त्यांच्याकडं असे, आणि वातीची काजळी काढणंही.

"गोरोबा, वात कशानं गेली?"

"म्या विझवली. गार व्हायला पाहिजे ना?"

बेगमबींनी हातातला झाडू खाली ठेवला. "या अल्ला. आरं, चूल विझवून भाकर भाजती का? आगच तर गार करती ह्येला."

त्यांनी वात कातरली, पुसली, पेटवली आणि ज्योत निळी होईपर्यंत हलल्या नाहीत. मग मला फ्रिजच्या मागं नेऊन नळ्या दाखवल्या. "ह्या नळीत पानी हाय, पान्यात एक उग्र वायू मुरलाय. खालून आग लागली की त्यो पान्यातनं सुटतो, वर चढतो. हितं जाळीत निवतो, पातळ व्हतो. मंग पेटीच्या नळीत जाऊन पुन्ना उडतो, आन उडताना आतली गरमी वढून नेतो. न्हाल्यावर अंगावरचं पानी वाळताना हुडहुडी भरती का न्हाय? तसंच. आग नसली तर त्यो वायू पान्यातच झोपून ऱ्हातो."

"तुम्हाला हे कुणी सांगितलं?"

"बसवायला मिस्त्री आला व्हता, त्येला चार कप च्या पाजून इचारलं. तू तवा भायेर गर्दीला पुढं-मागं सरकवत व्हतास."

साठीची ही बाई, सही करता येत नाही, आणि पाण्यातला वायू तिला आपल्या घरचा असल्यासारखा ठाऊक. खरं सांगतो, मला हात जोडावेसे वाटले.

दिवे लागेपर्यंत बेगमबी फ्रिजच्या दाराला पाठ लावून बसल्या. पाटील आणखी पाहुणे घेऊन आले तेव्हा त्यांनी नुसता झाडू उचलून दाखवला. पारा साडेनऊला जाऊन टेकला, तिथंच घुटमळला आणि मग उतरायला लागला. सकाळी सहावर होता.

साहेब परतले. पारा बघितला, माझ्या पाठीवर थाप मारली. "शाब्बास! इतक्या उन्हात पारा चढू दिला नाहीत. नवख्या माणसाला वात कमी करायचा मोह होतो बघा."

बेगमबी कोपऱ्यात फरशी पुसत होत्या. वर बघितलंही नाही. ते जास्त लागलं. मी सगळं सांगून टाकलं, सखूबाईंच्या डोक्यासकट.

यात्रेत चारशे माणसांना लस टोचली, पटकी फिरकली नाही. तेव्हापासून फ्रिजची किल्ली बेगमबींच्या कमरेला असते. मलाही बढती मिळाली. रॉकेल मी भरतो, काडीपेटी मात्र त्या माझ्या हाती देत नाहीत.