काडतूस-भरणी यंत्र निवड समिती, निघोजे

निघोजे येथील माजी बागायतदार श्री. उद्धवराव यांच्या कमरेला परवान्याचे पिस्तूल आहे. जमीन कंपनीला गेली, बंगला झाला, काळी गाडी आली, आणि कमर तेवढी मोकळी दिसू लागली म्हणून पिस्तूल आले. ते लावून उद्धवराव बारशापासून दहाव्यापर्यंत सर्व कार्यक्रमांना वेळेवर हजर राहतात. ते कधीच उडाले नाही, त्यामुळे त्याचा धाक टिकून होता.

तो धाक आबाजींनी एका बारशात घालवला. आबाजी म्हणजे उद्धवरावांचे भाऊबंद. दोघांमधला बांध कंपनीच्या भिंतीखाली गेला, तरी बांधाचे भांडण आबाजींनी जपून ठेवले आहे. भर पंगतीत ते म्हणाले, "उद्धवा, इतकी वर्सं मिरवतुयास, पन उडवलंस कवा? का आत साबन हाय?"

पंगत खदखदून हसली. तीच पंगत पुढच्या महिन्यात उद्धवरावांच्या लेकीच्या, रुपालीच्या लग्नाला यायची होती. तेव्हा लग्नाआधी नेमबाजी शिकून आबाजींचे तोंड बंद करणे भाग होते. अडचण एकच. सरावाला काडतुसे लागतात, आणि सरकार ती मोजूनमापून देते.

"मग घरीच भरू की," उद्धवराव म्हणाले. "साऱ्या जगाच्या गाड्यांचं पार्ट आपल्या चाकणला बनत्यात. काडतूस म्हंजी अशी कोनती मोठी चीज हाय?"

हा युक्तिवाद आमच्या पट्ट्यात बिनतोड समजला जातो. मुलगा ज्ञानेश एका कंपनीत क्वालिटीला आहे. त्याने त्याच रविवारी हॉलमध्ये यंत्र निवड समिती बसवली. अध्यक्ष उद्धवराव, तांत्रिक सदस्य ज्ञानेश, भोसरीत फॅब्रिकेशनचे शेड असलेला भाचा विक्की, आणि चहा करायचा म्हणून उद्धवरावांच्या पत्नी मंजुळाबाई पदसिद्ध.

"पप्पा, आधी रिक्वायरमेंट फ्रीज करू," ज्ञानेश म्हणाला. "मग तीन कोटेशन."

गरज एका डबीभर काडतुसांची होती. तेवढ्याला हाताने दाबायचा छोटा प्रेस पुरतो, असे विक्कीने मोबाइलवर पाहून सांगितले. उद्धवरावांना ते फार लागले.

"हातानं? पावनं काय म्हंतील? घराला शोभंल असं बघ काहीतरी."

मग ताशी हजार काडतुसे भरणारा प्रेस ठरला. एवढा प्रेस रिकामा ठेवणे बरे नव्हे, म्हणून शिफ्ट आल्या. शिफ्ट आल्या म्हणून सेफ्टी आली. प्रेस बसायचा त्या गच्चीवर पिवळे पट्टे मारले गेले, आणि पापड वाळत घालायला जाताना मंजुळाबाईंना हेल्मेट सक्तीचे झाले. वजनासाठी त्यांनी आपला स्वयंपाकघरातला काटा देऊ केला. कॅलिब्रेशन सर्टिफिकेट नसल्याने तो बाद झाला. त्या बैठकीला चहा मिळाला नाही.

"पन त्याच्यात भरायचं काय, ते कुटनं आननार?" मंजुळाबाईंनी आतूनच विचारले.

"ते फेज टूमध्ये, आई."

खरा पेच रंगावर पडला. प्रेस लाल, हिरवा आणि निळा अशा तीन रंगांत मिळत होता, आणि प्रत्येक रंगाला कुठला ना कुठला पक्ष आधीच चिकटलेला होता. भगवा रंगवून घ्यावा तर हे तिन्ही रुसणार. शेवटी विक्कीनेच प्रेस बनवायचा आणि तो राखाडी ठेवायचा असे ठरले, कारण राखाडीला अजून कुणी उमेदवार दिलेला नाही.

प्रेस आला. क्रेनने गच्चीवर चढला. शुभारंभाचा फ्लेक्स चौकात लागला: 'उद्धवरावांच्या राहत्या घरी काडतूस प्रकल्प!' खाली शुभेच्छुकांचे फोटो एवढे, की पिस्तूल जेमतेम मावले. नारळ फुटायच्या वेळेलाच हवालदार रोहिदास जिना चढून आले. वर्दी पाहून समिती भारावली. ते तोंड उघडणार तोच त्यांच्या खांद्यावर शाल पडली आणि हातात श्रीफळ आले.

"अहो, मी चौकशीला आलोय," शालीतून हवालदार म्हणाले. "परवाना दाखवा."

उद्धवरावांनी अभिमानाने काढून दिला.

"हा पिस्तूल बाळगायचा. काडतुसं बनवायचा कुठाय?"

ज्ञानेशने विक्कीकडे पाहिले, विक्कीने प्रेसकडे.

"नाही ना? मग प्रेस सील होणार. पिस्तूल जमा करा. आणि तुम्ही चला ठाण्यात."

उद्धवरावांचा चेहरा पडला. ठाण्याचे त्यांना काहीच वाटले नाही. "सायेब, पोरीच्या लग्नापुरतं तरी ऱ्हाऊ द्या," ते हात जोडून म्हणाले. "मोकळ्या कमरंनं मांडवात कसा हुबा ऱ्हाऊ? आबाजी म्होरल्या खुर्चीत असनार हाय." त्यांच्या डोळ्यांत खरेच पाणी होते, आणि ते पाहून मलाही वाईट वाटले.

पिस्तूल गेले. आता निघोज्यात जो तो म्हणतो, अरे, पहिल्याच बैठकीत कुणीतरी परवान्याचे विचारायला नको होते का? क्वालिटीतला पोरगा, त्याला एवढे सुचू नये? तुम्हीही मान हलवत असाल. हलवा. पण कोटेशन झाले, शिफ्ट झाल्या, प्रेस गच्चीवर चढला, तोवर तुम्ही मजेत वाचत होता. हवालदार यायच्या आधी तुम्ही तरी विचारलेत का?