बशीरचाचांची खाच

बशीरचाचा लेथ चालवताना दातांत पेन्सिल धरतात आणि तिचं दुसरं टोक टूल जिथं आवळलेलं असतं तिथं टेकवतात. "कान फसतो," म्हणतात, "दात फसत न्हाय."

माझं श्रीवर्धनला पंप दुरुस्तीचं दुकान. पंपाच्या बुशमध्ये, म्हणजे आतल्या धातूच्या नळीत, कडी अडकवायला आतून खाच पाडावी लागते आणि ते काम गावात एकटे चाचाच करतात. भोकात शिरलेलं टूल थरथरलं की खाचेवर बारीक लाटा उठतात. मला त्या दिसतसुद्धा नाहीत. चाचांना दिसतात, आणि बुश भंगारात जातो.

ऐन एप्रिलात एका सुपारीच्या वाडीचा पंप बसला. मालक सारखा फोन करत होता. मी सकाळी आठलाच चाचांकडे बूड टेकलं. त्यांनी टूलचा बार मागं घेतला, मापला, पुन्हा मागं घेतला.

"जेवढा बाहेर, तेवढा नाचतो मेला."

मग जाडा बार शोधला. मग टूलला धार लावली. लेथचे फेरे कमी केले. मग पंखा बंद केला.

"पंख्यानं काय केलं, चाचा?"

"टेबल हलतं. आणि तू पाय हलवू नको."

एक वाजता खाच झाली. चाचांनी आतून बोट फिरवलं आणि तोंड वाकडं केलं. "दुसरा करतो."

"अहो, कडी बसतेय ना! तिकडे वाडी सुकतेय!"

"बसतेय, पण कुरकुरत बसतेय," म्हणाले आणि जेवायला निघून गेले.

तीन वाजले तरी पत्ता नाही. चार खरमरीत वाक्यं जुळवत मी त्यांच्या घरी पोचलो.

पडवीत चाची बसल्या होत्या. कंपवातानं त्यांचे दोन्ही हात थरथरत होते. चाचा समोर बसून पेज भरवत होते. चाचींचा हात चमच्याला लागला आणि पेज चाचांच्या सदऱ्यावर सांडली. चाचांनी सदऱ्याकडे पाहिलंही नाही. आधी चाचींची हनुवटी पुसली, मग चमचा पुन्हा भरला.

"सावकाश. आपल्याला कुठं जायचंय?"

चाचींनी मला पाहिलं. "सांग रे ह्यांना, कामावर जा म्हणून. लोक खोळंबतात तिथं."

चाचांनी मान वर केली. वाटी अजून अर्धी होती.

"मला काही घाई नाही, चाची," मी म्हटलं आणि पायरीवर बसलो.