दाबून भरलेलं मापटं

शेजारी उसनं मागायला येणारा माणूस वाटी घेऊन येतो. आमचे विरूपाक्षप्पा तराजू घेऊन येत. शुक्रवार पेठेत आमची दारं समोरासमोर. अप्पांनी सारी हयात भुसार बाजारात तोलणार म्हणून काढलेली, त्यामुळे वाटी, मापटं, पायली ही त्यांच्या लेखी सगळी लबाड मंडळी. "मापाला फुगता येतंय की. काट्याला न्हाय येत," असं ते म्हणत. कोणी काही पटवू लागलं की त्यांचं उत्तर ठरलेलं असे, "आगोदर काटा, मग तोंड."

एकदा आमच्या मंडळींनी त्यांना वाटीभर बेसन दिलं, ताजं चाळलेलं. परत आलं ते पाऊण वाटी. हिचा पारा चढला. अप्पांनी शांतपणे तराजू मांडला आणि वजन तेवढंच असल्याचं दाखवून दिलं. तेव्हापासून ही त्यांना वाटी आपटून आपटून भरून देई आणि ती शीग लागून परत येई. मी या भांडणात पडलो नाही, कारण भजी दोन्ही घरची खायची होती.

अप्पांच्या बायकोचं, पार्वताक्कांचं, सारं काम एका पितळी मापट्यावर चाले. यांनी तोळे विचारायचे आणि त्यांनी "माज्या हाताला इचारा की" म्हणून हसायचं. त्या तापानं अचानक गेल्या. मग अप्पा स्वतः रांधू लागले, मीठसुद्धा तोलून. जेवण अगदी बिनचूक होई आणि बेचव.

अशात त्यांची लेक गौरव्वा बार्शीहून पहिल्या बाळंतपणाला आली. आली ती काडी होऊन. अन्नावरची वासनाच उडालेली. पोरीनं असं खाणं टाकलं तर बाळंतपण जड जाईल, असं सुईण अप्पांना तोंडावर सांगून गेली. गौरव्वाला हवी होती फक्त शेंगापोळी, तीही अव्वाच्या, म्हणजे आईच्या हातची.

दोन मापटी दाण्याचं कूट, एक मापटं गूळ, एवढं अप्पांना ठाऊक होतं. पितळी मापट्यात चिरलेला गूळ भरून बाजारातल्यासारखी वरून पट्टी फिरवली, तोलला, कूट तोललं आणि पोळ्या केल्या. पोरीनं एक घास खाल्ला.

"अव्वाची न्हाय ही," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. अप्पांनी वजनं चिंचेनं घासली, काट्याची दोरी बदलली. मला आधी गंमत वाटत होती. पण उष्ट्या पोळीचं ताट पुढे घेऊन भिंतीकडे बघत बसलेले अप्पा दिसले आणि माझं हसू पळालं. हिला तर राहवेना. ती तशीच समोर गेली.

"अप्पा, पार्वताक्का गूळ असा मोकळा भरत नव्हत्या. अंगठ्यानं दाबून दाबून भरायच्या."

"मला कंदी सांगितलं न्हाय तिनं," अप्पा म्हणाले.

"रोज तुमच्यासमोरच भरायच्या. तुम्ही काट्याकडे बघत होता."

अप्पांनी मापटं लेकीपुढे सरकवलं. गौरव्वानं आईसारखाच अंगठा दाबत गूळ भरला आणि मापटं पालथं केलं. अंगठ्याच्या खळग्यांसकट अख्खं ढेकूळ निघालं. अप्पांनी ते पारड्यात ठेवलं. हात सवयीनं वजनांकडे गेला आणि थांबला. ते परसातून एक दगड घेऊन आले, दुसऱ्या पारड्यात ठेवला आणि काटा सरळ होईपर्यंत तो पुन्हा पुन्हा काढून पायरीवर घासत बसले. त्या संध्याकाळी गौरव्वानं दोन पोळ्या खाल्ल्या आणि तिसरी मागून घेतली.

ती सुखरूप बाळंत झाली, मुलगी घेऊन सासरी गेली. अप्पा पुन्हा एकटे. एकदा ते ओट्यावर तो दगड तळहातावर घेऊन बसलेले दिसले. मी डिवचलं, "किती भरतो, अप्पा? आगोदर काटा."

"त्येला आकडा लावला न्हाय," ते म्हणाले. मग दगडावरून अंगठा फिरवत म्हणाले, "तिच्या हाताचं हाय त्ये. ऱ्हाऊ द्या की तसंच."