उतरणारे आधी

धोंडूनाना जेवायला बसले की ताटाच्या काठावर अंगठीने वाजवत. एकदा वाजलं की वाढणं थांबवायचं, दोनदा वाजलं की येऊ द्यायचं. उभा जन्म एसटीत घंटीची दोरी ओढण्यात गेल्यावर माणसाचं असंच व्हायचं. काकू वैतागून म्हणत, "मी काय डायवर शे का?" आणि पुढची भाकरी मुद्दाम उशिरा वाढत.

चोपड्याच्या आमच्या गल्लीत नानांची आणि माझी भिंत एकच. घरात ते अहिराणी बोलत, पण नियम सांगायचा झाला की ताठ होऊन एसटीच्या मराठीत शिरत. त्यांचा लाडका नियम म्हणजे "उतरणारे आधी, चढणारे नंतर." नळावर, पिठाच्या गिरणीत, कुठेही ते तो लावत. एकदा देवळातून बाहेर पडणाऱ्यांसाठी त्यांनी खुद्द पुजाऱ्याला नैवेद्याच्या ताटासकट पायरीवर थांबवलं होतं.

त्या साली दिवाळीआधी नानांनी माडीवर खोली काढली. मुलगा प्रकाश नाशिकला नोकरीला होता. आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, खोली झाली की तो बदली करून घेऊन सुनेसह कायमचा घरी येणार, असं काकूंनी गल्लीभर सांगून ठेवलं होतं. भिंती उभ्या राहिल्या. थंडीत गिलाव्यासाठी तापीची वाळू ट्रॅक्टरने आली आणि निम्मी गल्ली अडवून बसली. सलीमभाई गवंडी वाळू चाळायला लागले, तर चाळणीवरून गोट्यांबरोबर लिंबाएवढी पांढरी अंडी घरंगळत आली.

गल्लीने ती एकमताने सापाची ठरवली. मी घरात जाऊन कडी लावली आणि खिडकीतून सल्ले द्यायला लागलो.

"साप कसला? कासवाची आहेत," सलीमभाई म्हणाले. "थंडीत वाळूत घालून जातात बिचारी. आता ट्रॅक्टरवाले तळ लागेपर्यंत वाळू नेतात. त्यातून उरली तर कुत्री उकरतात, नाहीतर लोक खातात. टाकून देऊ का, नाना?"

नाना ताठ झाले. "प्रवासी आत असताना गाडी रिकामी करता येत नाही," ते म्हणाले.

त्यांनी अंडी हलक्या हाताने परत वाळूत पुरली, सलीमभाई घरी गेले आणि खोली तशीच राहिली.

पुढे त्या ढिगाने आमचा जीव नकोसा केला. नानांनी त्याला बोरीच्या काट्यांचं कुंपण घातलं, वर जुनी मच्छरदाणी ताणली. कुत्रं दिसलं की शिट्टी वाजे. माझी सायकल गटाराच्या काठाकाठाने घरी यायची. शेवटी मी म्हणालो, "नाना, दुसरी वाळू मागवा आणि खोली उरका."

"आनि त्या ट्रॉलीमा बी कासव निंघनं तं?"

मी सायकल पुन्हा गटाराच्या काठाने न्यायला लागलो. काकू मात्र रोज सकाळी ढिगासमोर उभ्या राहून कडाकडा भांडत. "आखाजी जवळ उनी, आनि ह्या अंडा राखी राहिनात!"

बरीचशी अंडी नासली. पण आखाजीच्या तोंडावर एका सकाळी वाळू हलली आणि रुपयाएवढी पिल्लं वर आली. नानांनी ती ओल्या वाळूच्या बादलीत घेतली आणि काकूंसह आम्ही तिघं एसटीने तापीला निघालो. कंडक्टर नानांच्याच हाताखाली तयार झालेला. नाना त्याच्याकडे पिल्लांची हाफ तिकिटं मागायला लागले.

"नाना, सामान म्हणून असू द्या की."

"जीव आहे. सामान कसं?"

बरीच घासाघीस होऊन सगळ्या बादलीचं मिळून एक हाफ तिकीट फाटलं. पुलाजवळ उतरताना नानांनी चढणाऱ्यांना दाराशीच अडवून बादली आधी खाली घेतली.

नदीत जिथे तिथे वाळूचे खड्डे होते. त्यातल्या त्यात शाबूत काठ बघून नानांनी पिल्लं सोडली. ती तुरुतुरु पाण्यात गेली. मी खुशीत म्हणालो, "चला, वाळू मोकळी झाली. आता आखाजीला प्रकाश आपल्या खोलीत."

नानांनी रिकामी बादली पाण्यात विसळली. मग नाना पाण्याकडे बघत म्हणाले, "प्रकाशनी नाशिकले घर लिधं. तो येनार नही. दिवाळीलेच सांगी गया मले."

"मले बी सांगेल व्हतं," काकू म्हणाल्या. "तुमले वाईट वाटी, म्हनीसन मी सांगं नही."

नाना गर्रकन त्यांच्याकडे वळले. "मंग तू रोज भांडे कसाले?"

"भांडती नही तं तुमले समजी जातं."

खोली पुरी झाली असती तर ती रिकामी दिसली असती, आणि ते दोघांनाही एकमेकांना दाखवायचं नव्हतं. ढिगाने सगळा हिवाळा आणि अर्धा उन्हाळा दोघांनाही सांभाळून घेतलं होतं.

"मंग ती वाळूनं काय?" नानांनी विचारलं.

"नदीनी शे. नदीले दी टाकू."

आखाजी झाल्यावर ट्रॅक्टर आला. भरलेली ट्रॉली नदीकडे न्यायची म्हटल्यावर ड्रायव्हरला वाटलं म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय, पण भाडं मिळतंय म्हणून तो गप्प बसला. नाना वाळूवर चढून बसले, शेजारी काकू. नाना मान वळवून माडीवरच्या बिनगिलाव्याच्या भिंतींकडे बघत होते आणि ट्रॅक्टर नुसताच धडधडत उभा होता. ड्रायव्हर वाट बघत होता.

काकूंनी हातातल्या पाटलीने ट्रॉलीच्या पत्र्यावर दोनदा वाजवलं.